रिपोर्ट नॉर्मल आहेत
"रिपोर्ट नॉर्मल आलेत ना? मग आता तुझ्या मनातच आहे सगळं."

आज म्हापशाच्या बाजारात मावशी सहज बोलून गेली. केळ्यांची फणी हातात धरून मी तशीच उभी राहिले.

जुलाब थांबून सहा आठवडे झाले. तरी अर्धा कप चहा घेतला की पोट टम्म फुगतं. पणजीच्या बसमध्ये चढण्याआधी शौचालय कुठे आहे ते आधी बघून ठेवते. हे मनातलं?

संध्याकाळी डॉक्टरांनी नीट समजावलं. जंतू गेले तरी आतड्याचं अस्तर सावरायला वेळ लागतो. दूध पचवणारं लॅक्टेज तिथेच तयार होतं, म्हणून काही आठवडे दूध बाधू शकतं. आतड्याच्या नसाही हळव्या होतात. पोटाच्या अशा संसर्गानंतर साधारण दहातल्या एकाला असा त्रास महिनोन्महिने राहतो. शौचातून रक्त, घटतं वजन किंवा ताप असेल तर मात्र वाट बघत थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

ऐकताना डोळेच भरून आले. कुणीतरी खरं मानलं!

रात्री आईने उकड्या तांदळाची पेज पुढ्यात ठेवली, कडेला मिठातल्या लिंबाची फोड. काही विचारलं नाही तिने.

तुमच्यापैकी कुणाचं पोट असं रेंगाळलं होतं का? दूध परत कधी सोसलं?