खटक्यावर बोट

मिसळीच्या गाड्यावर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर मयतीहून परत येताना एकानं विचारलं. "मिस्त्री, गाण्यानं बोट बुडते कशी हो?" विचारणारा तोंड गंभीर ठेवतो आणि शेजारचा आधीच हसायला लागलेला असतो. मग कुणीतरी म्हणतोच, "खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!" ही म्हण माझ्या जन्माआधीची आहे, तालमीतली की कुठली ते देव जाणे. पण मी गाड्यांत टेप बसवणारा माणूस, एका बोटीत गाणं बसवलं आणि ती बोट बुडाली. चार पावसाळे झाले, कोल्हापुरात ती म्हण माझ्या नावावर चढलीय. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. ह्यानंतर विचारलंत तर टेप बसवायचे डबल पैसे घेणार.

आधी जे झालं नाही ते सांगतो. बेसच्या दणक्यानं तळ फुटला नाही. वूफरच्या वजनानं बोट कलली नाही. धरणावर डॉल्बी लावला म्हणून देवीचा कोप झाला, असंही एका मावशींनी मला तोंडावर सांगितलं. त्यावर मी काही बोललो नाही, कारण तोवर माझ्याकडं दुसरं बरं कारण नव्हतं.

आणि ती रंकाळ्यातली पायडलची बोट नव्हे. मागं दोरी बांधून माणसाला पाण्यावर घसरत ओढतात, ती बोट. अमेरिकेत बनलेली, वीस फुटी, बऱ्याच हातांतून फिरून आलेली, मधोमध पेट्रोलचं मोठं इंजिन आणि डोक्यावर पाइपांची कमान. त्या कमानीला टॉवर म्हणतात. धरणाचं नाव लिहीत नाही, मालकाचंही नाही. माणूस चांगला आहे. अजून बोलतो माझ्याशी, म्हणजे दिसलो तर.

मालकाला गाणं बोटीत बसलेल्यांसाठी नको होतं, दोरीच्या टोकाला असलेल्या माणसासाठी हवं होतं. इथंच सगळ्या खर्चाला सुरुवात होते. दोरी असते वीस-बावीस मीटर. अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. एका मीटरवर 100 डेसिबल असेल तर वीस मीटरवर जेमतेम 74 उरतात, आणि त्या माणसाच्या कानात इंजिन, वारा आणि पाणी तिन्ही ओरडत असतात. म्हणून टॉवरवर मागं तोंड केलेले भोंगे, आणि त्यांना पोसायला दांडगा अँप, म्हणजे आवाजाला ताकद देणारा डबा. खाली बसणाऱ्यांना वेगळे स्पीकर, सीटखाली वूफर, त्याला आणखी एक अँप. रात्री 10 नंतर भोंगा बंद ठेवायचा, हा 2000 सालचा नियम मी मालकाला पहिल्याच दिवशी सांगितला होता. मला सगळं समजतं, असं तेव्हा माझं मत होतं.

आणि बरंच समजत होतंही. हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं मी मारुतीतला टेप उचलून बोटीत ठोकला. गाडीत बॉडी अर्थ असतो: निगेटिव्ह कुठंही पत्र्याला आवळला की काम झालं. बोट फायबरची, तिथं पत्राच नाही. प्रत्येक निगेटिव्ह उलटा बॅटरीपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे वायर दुप्पट. मी नेली. 2019 च्या महापुरानंतर दोन महिने मी भिजलेल्या गाड्यांचं वायरिंग खोलत बसलो होतो. वरून प्लास्टिक नवंकोरं आणि आत तांबं काळं ठिक्कर. वातीतून तेल चढावं तसं पाणी तारांमधून वर चढतं. म्हणून बोटीत कल्हई केलेल्या तांब्याचीच वायर घातली, महाग पडली तरी. फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत. स्पीकरची भोकं पाडताना होल सॉ आधी उलटा फिरवला आणि मग सुलटा, नाहीतर फायबरवरच्या चकचकीत थराचे टवके उडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचून राहते. त्यामुळं इंजिनाच्या कप्प्यात गाडीचा साधा रिले, म्हणजे विजेनं आपोआप उघडझाप होणारा खटका, बसवत नाहीत, एक ठिणगी पुरते. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रात्र-रात्र वाचून काढलं होतं.

मग बॅटऱ्या. एक इंजिनाची होतीच. दुसरी मी गाण्यासाठी घातली आणि मधे एक रिले टाकला. इंजिन चालू असलं की दोन्ही चार्ज होणार, बंद झालं की दोघींची फारकत. गाण्यानं दुसरी बसली तरी पहिली शाबूत आणि इंजिन सुरू होणारच. गाडीची बॅटरी गेली तर चार पोरं धक्का मारतात, बोटीला धक्का कुठं मारणार? इथपर्यंत कुणीही वायरमन मला नावं ठेवणार नाही.

पण तळात एक पंप असतो. ह्या जातीच्या बोटीत पंखा फिरवणारा दांडा तळातून बाहेर जातो, आणि जिथून जातो तिथं ग्लँड असतो, म्हणजे पाणी अडवायला दांड्याभोवती दोरी ठासलेली जागा. उद्यमनगरच्या कारखान्यांत ज्यानं पंप बघितलाय त्याला ग्लँड समजावायला नको. दोन-चार थेंब गळायलाच हवेत, नाहीतर आतली दोरी जळते. म्हणजे बोट उभी असली तरी तळात थोडं पाणी येतच राहतं. पाणी वाढलं की फ्लोट वर येतो, पंप चालू होतो, पाणी बाहेर. हा पंप पूर्वी इंजिनाच्या बॅटरीवर होता. मी तो दुसरीवर आणला. का? नीटनेटकं दिसतं म्हणून. इंजिनाचं इंजिनाला, बाकी सगळं इकडं. त्या दिवशी मी त्या वायरिंगचे फोटो काढले होते. अजून फोनमध्ये आहेत, पुसायला हात धजत नाही.

आणि खटका. मालक म्हणाला, "मिस्त्री, किल्ली काढली तरी गाणं चालायला पायजे. मधे पाण्यात थांबून पोरं जेवत्यात." म्हटलं, लावू की. अँप जागा होतो तो एका बारक्या वायरीवर. तिला बारा व्होल्ट मिळाले की चालू, नाही मिळाले की झोपला. एरवी ती टेपकडून येते. मी ती थेट बॅटरीवरून एका खटक्यातून आणली आणि खटका डॅशबोर्डवर बाकीच्या खटक्यांच्या रांगेत बसवला. रांगेत शोभून दिसला.

जूनचा तिसरा आठवडा होता. सोमवारी ट्रॅक्टर येऊन बोट पावसाळ्यासाठी बाहेर काढणार होता. शुक्रवारी शेवटची चक्कर झाली. मीही होतो. दोरीच्या टोकाला मालकाचा भाचा होता, त्यानं हात वर करून खूण केली, ऐकू येतंय. तेवढ्यासाठी सगळं केलं होतं. संध्याकाळी बोट जेटीला बांधली. बोटीचं शिवलेलं कव्हर टॉवरच्या भोंग्यांमुळं बसेना, म्हणून वर ताडपत्री ताणली. जेटीवरच्या पोरानं बोट आवरली. मी निघालो आणि वाटेत गरम भजी खाल्ली, हेसुद्धा आठवतं.

शनिवारी दुपारपासून पाऊस लागला. घाटाकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे.

रविवारी सकाळी सातला फोन. "मिस्त्री, बोट बसलीया."

बसलीया म्हणजे मला वाटलं, बॅटरी बसली. म्हटलं, चार्जर घेऊन येतो. पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, "बॅटरी न्हाई ओ. बोट."

मी पोचलो तेव्हा बोटीचं नाक दोरीला लटकून वर होतं आणि मागची बाजू पाण्याखाली. सीटखालच्या फोममुळं पार तळाला गेली नव्हती. पाण्याच्या वर काय दिसत होतं तर टॉवर आणि त्यावरचे माझे दोन भोंगे, कोरडे ठणठणीत. भोवती पेट्रोलची रंगीत साय पसरलेली. छत्र्या घेऊन वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि कुणीही काहीही बोलत नव्हतं. आपल्याकडं अशा वेळी गप्प बसणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

ट्रॅक्टर आला, साखळ्या लागल्या, शेतातला पंप आणून पाणी उपसलं. दुपारचे दोन वाजले. बोट उतारावर आली तसं स्पीकरच्या भोकांतून पाणी धारेनं पडायला लागलं, मी होल सॉनं इतक्या जपून पाडलेल्या भोकांतून. मी मीटर लावला. गाण्याची बॅटरी साफ मेलेली. इंजिनाची बॅटरी 12.4 व्होल्ट. तिनं इंजिन पहिल्या झटक्यात फिरवलं असतं, फक्त इंजिनात पाणी होतं.

हिशेब तिथंच बिलाच्या पाठीवर केला. दोन अँप नुसते जागे बसले तरी अडीच अँपिअर खातात. शुक्रवारच्या गाण्यांनी अर्धी झालेली 80 अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर सोळा तास टिकते. म्हणजे शनिवारी दुपार व्हायच्या आतच पंप मेला होता. ताडपत्रीला झोळ पडून पाणी आत. बोटीचा उघडा भाग धरा दहा चौरस मीटर. 100 मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर, म्हणजे एक टन. मागची कड पाण्याला टेकली की पुढचं धरणच आत येतं.

म्हणजे अँप रात्रभर जागा होता. म्हणजे खटका चालू राहिला होता. मी त्या पोराकडं वळलो. वीस-एकवीस वर्षांचं पोरगं, कालपासून जेवलेलं नसावं. "खटका बंद केलतास?" "व्हय. सगळे खटके खाली केलते." "सगळे?" "सगळे. मालकांनी दावलंय तसं."

मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो. अजूनही काही म्हणालो. मालक मधे पडला नाही. पुढच्या आठवड्यात पोरगं काम सोडून गेलं.

चार महिने मी प्रत्येकाला हेच उत्तर दिलं, पोरानं खटका चालू ठेवला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझ्याकडून हेच ऐकलंय. मग दिवाळीत आकाशकंदील लावताना बायको म्हणाली, "बटण खाली करा की, अंधारात काय करताय?" मी बटण खाली केलं. कंदील लागला. आणि मी स्टुलावर तसाच उभा.

आपल्याकडं बटण खाली म्हणजे चालू. अमेरिकेत वर म्हणजे चालू. त्या डॅशबोर्डवरचे सगळे खटके वर चालू, खाली बंद. सगळे, एक माझा सोडून. तो मी हाताच्या सवयीनं आपल्या पद्धतीनं बसवला होता. पोरानं शिकवल्याप्रमाणे सगळे खाली केले. माझा खटका खाली म्हणजे चालूच राहिला.

मग सगळी चूक माझीच? थांबा. किल्ली काढून गाणं पाहिजे हा हट्ट मालकाचा होता. ताडपत्री मी ताणली नव्हती. व्होल्टेज उतरलं की आपोआप तोडणारा कट-ऑफ मिळतो, तो असता तर पंपापुरता करंट शिल्लक राहिला असता. पण मालकाला पैसे वाचवायचे होते. असं मी दोन वर्षं सांगितलं. खरं म्हणजे कोटेशनमध्ये कट-ऑफ मी लिहिलाच नव्हता. खटक्याजवळ दहा-वीस रुपयांचा लाल दिवा लावला असता तरी चाललं असतं. रांगेची शोभा गेली असती.

पंपाचं मात्र मी अजून मान्य करत नाही. लोक म्हणतात, इंजिनाच्या बॅटरीवरच ठेवायचा होता. ठेवला असता तर त्या रात्री बोट वाचली असती, खरंय. पण ग्लँड जास्त गळायला लागला आणि पंपानंच इंजिनाची बॅटरी खाल्ली, तर ती बोट पाण्याच्या मधोमध सुरू कशी करणार? दोन जाणती माणसं विचारा, दोन उत्तरं मिळतील. फोटोतलं वायरिंग बघितलं की मला अजून वाटतं, बरोबर होतं. मग भोंगे आठवतात.

ते पोरगं आता टेम्पो चालवतं. गेल्या महिन्यात टेम्पोला टेप बसवायला माझ्याच दुकानात आलं. "काय मिस्त्री, बरं हाय न्हवं?" एवढंच. दीड तास मी त्याच्या डॅशबोर्डखाली उताणा पडून होतो आणि तो बाहेर चहा पीत उभा होता. दोनदा वायर तोंडातून काढली, सांगायचं म्हणून, आणि परत धरली. काम झाल्यावर त्यानं पैसे विचारले. मी नेहमीचे सांगितले. त्यानं मोजून दिले, मी घेतले.