आठ मीटर पाण्याखालचा ट्रॅव्हर्स: माझा अनुभव

मी पुण्यात जमिनीची मोजणी करते. टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारं यंत्र), प्रिझम, फील्डबुक, एका खुणेवरून पुढच्या खुणेवर मोजत जाणारे भर उन्हातले ट्रॅव्हर्स हे रोजचं काम. स्कूबाचा नाद तारकर्लीला लागला. नवऱ्याची मेक्सिकोला बदली झाली आणि मलाही तिकडे जायचं होतं, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र आणायची संधी दिसली. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर चुनखडीचं छत कोसळून तयार झालेली पाण्याची विवरं आहेत, त्यांना सेनोटे म्हणतात. त्यातलं तुलुमजवळचं कासा सेनोटे वरून उघडं, जेमतेम ८ मीटर खोल, आणि रस्ता ओलांडला की समुद्र. मला ते नुसतं बघायचं नव्हतं, मोजायचं होतं.

पुण्यात बसून याची काय तयारी करणार, असं पुष्कळ जणांनी विचारलं. खरं तर जवळजवळ सगळी तयारी इथेच झाली.

पाण्याखाली टोटल स्टेशन नेता येत नाही. तिथे चालते गाठी मारलेली दोरी, होकायंत्र, खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि स्लेटवरची पेन्सिल. दोन स्टेशनांमध्ये, म्हणजे मोजणीच्या खुणांमध्ये, दोरी ताणायची, तिची लांबी गाठी मोजून घ्यायची, होकायंत्राने बेअरिंग, म्हणजे दिशेचा कोन घ्यायचा, दोन्ही टोकांची खोली लिहायची. बाकीचं पायथागोरस बघतो: दोरी १० मीटर, एक टोक ४ मीटरवर, दुसरं ७ वर, तर नकाशावर ते अंतर ९.५४ मीटर. हे आमचंच काम, फक्त तोंडात रेग्युलेटर असताना आणि पायाखाली काहीही नसताना.

आमचे डायव्हिंगचे सर म्हणाले, "आधी जमिनीवर डोळे मिटून करून दाखवा, मग पाण्याचं बोलू." म्हणून मी आणि माझी डायव्हिंगची मैत्रीण पहाटे वेताळ टेकडीवर जायला लागलो. झाडांना वळसे देत दोरी लावायची, प्रत्येक वळणावर घट्ट बांधायची, मग डोळ्यांवर पट्टी बांधून अंगठा आणि तर्जनीच्या कडीतून ती सरकवत परत यायचं. पाण्यात गाळ उठला की काहीच दिसत नाही, तेव्हा बाहेर आणते ती दोरीच. फिरायला येणारे एक आजोबा रोज थांबून बघायचे. एकदा म्हणाले, "अगं, हरवलंय काय तुमचं?" सगळं सांगितल्यावर त्यांनी काठी बाजूला ठेवली, दोरीचं टोक हातात घेतलं आणि स्टेशन होऊन उभे राहिले. नंतर बरेच दिवस ते आमचं शून्य नंबरचं स्टेशन होते.

टेकडीने एक मोठी गोष्ट शिकवली. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. कातळाला लागून होकायंत्र धरलं की सुई सरकते, आणि पुढचं बेअरिंग व मागचं बेअरिंग यांत १८० अंशांचा फरक यायला हवा तो येत नाही. चुनखडीत हा त्रास नाही, पण स्टीलचं सिलिंडर किंवा टॉर्चमधलं चुंबक तेच करतं. त्यामुळे तिकडे ॲल्युमिनियमचीच सिलिंडर घ्यायची आणि टॉर्च होकायंत्रापासून हातभर लांब ठेवायचा, हे टेकडीवरच ठरलं. पुढून एकीने आणि मागून दुसरीने, एकमेकींची स्लेट न बघता वाचायचं, हेही.

बॉयन्सीचा, म्हणजे पाण्यात एकाच पातळीवर तरंगत राहण्याचा सराव डेक्कनजवळच्या एका पोहण्याच्या टँकवर झाला. तळापासून वीतभर वर तरंगत, हात न हलवता लिहायचं. श्वास घेतला की अंग वर जातं, सोडला की खाली येतं. त्या दोहोंच्या मध्ये आकडा लिहून व्हायला हवा. फिन्स (पायातले पंखे) वरखाली मारल्या तर गाळ उडतो, म्हणून बेडकासारखी लाथ शिकलो. आणि नजरेने अंदाज बांधणं तिथेच सोडून दिलं. मास्कमधून वस्तू पाव अंतराने जवळ आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. भिंत तीन मीटरवर वाटली तरी टेप चार सांगतो.

तुलुमला उतरल्यावर सनस्क्रीन धुऊन टाकल्याशिवाय पाण्यात जाऊ देत नाहीत. हे मला फार आवडलं, कारण हेच पाणी जमिनीखालून वाहत समुद्राला मिळतं. उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणाऱ्या मोठ्या नद्या नाहीत. पाऊस चुनखडीत मुरतो, कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्ल होतो आणि दगड विरघळवत जातो, त्यातून गुहा होतात. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. ज्या सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा साचत होता, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, तेव्हाच युकातानच्या वायव्येला चिक्शुलूबचा अशनी आदळला. वेताळ टेकडीच्या कातळावर सराव करून तिथे पोचलेल्या मला ही गोष्ट सारखी आठवत होती.

स्थानिक गाइडशी आधीच बोललो होतो: पर्यटक यायच्या आत काम, मुळांना हात नाही, दोरी शेवटी काढून न्यायची आणि उजेड जिथे संपतो तिथे थांबायचं. गुहेत शिरायला वेगळं प्रशिक्षण लागतं, ते आमच्याकडे नव्हतं. सिलिंडरमधल्या हवेचाही हिशेब ठरलेला: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव.

पहिली स्टेशनं छान जुळली. पाणी काचेसारखं स्वच्छ, दोन्हीकडे खारफुटीची मुळं पडद्यासारखी लोंबलेली, त्यांत छोटे मासे. मग खाली उतरलो आणि समोरची मैत्रीण एकदम पुसट झाली. गोडं पाणी वर, खारं खाली, आणि दोन्ही जिथे मिसळतात तिथे प्रकाश इतका वाकडातिकडा वळतो की होकायंत्राचे आकडे वाचता येत नाहीत. त्या थरात फिन मारली की ते आणखी ढवळतं. एक मीटर खाली गेलं की पुन्हा सगळं लख्ख, फक्त खाऱ्या पाण्याने अंग वर ढकललेलं. म्हणून स्टेशन त्या थरात ठेवायचंच नाही, वर किंवा खाली ठेवायचं, असं आम्ही पाण्यातच हातवारे करून ठरवलं. या थराला मोजणाऱ्याने वैतागू नये असं मला वाटतं. दोन पाणी मिसळलं की ते मिश्रण चुनखडी जास्त विरघळवतं. विवर रुंदावतं ते इथेच.

डाइव्ह कॉम्प्युटर खोली नव्हे तर दाब मोजतो, त्यामुळे दोघींचे कॉम्प्युटर गोड्या पाण्यावरच लावले होते. नाहीतर १० मीटरला सुमारे ३० सेंटिमीटरचा फरक पडतो. समुद्र इतका जवळ की पाण्याची पातळीही भरतीबरोबर हलते. तिथली भरती लहान, तरी काठावरच्या खडकातली एक ठळक खाच बेंचमार्क, म्हणजे उंचीची पक्की खूण धरून प्रत्येक डाइव्हच्या आधी आणि नंतर पाणी मोजलं.

पुण्याला परतल्यावर आकडे सर्व्हेक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरले. त्यात डायव्हिंगच्या मोजणीसाठी वेगळी सोयच आहे. निघालो तिथेच परत येऊन लूप बंद केला होता, त्यामुळे क्लोजिंग एरर, म्हणजे सुरुवात आणि शेवट यांत उरलेली तफावत, लगेच कळली. रस्त्याच्या कामात ती मी चालवून घेतली नसती. दोरी आणि होकायंत्राच्या मोजणीला मात्र ती चांगली आहे, असं सरांनी नकाशा टेबलावर पसरून, पट्टी लावून सांगितलं.

नकाशाची एक प्रत गाइडला पाठवली, एक टेकडीवरच्या आजोबांना दिली. पश्चिमेच्या काठाची रेघ मी अजून तुटकच ठेवली आहे. तिथे मुळं इतकी दाट आहेत की खरी भिंत कुठे सुरू होते ते टेपला कळत नाही, आणि मुळं बाजूला सारायची नाहीत असं ठरलेलं होतं. पुढच्या खेपेला दोन्ही बाजूंनी छोट्या दोऱ्या टाकून तो भाग मुळांच्या बाहेरून बांधायचा विचार आहे.