गणिताच्या तासाला वर्ण कशाला?

"गणितात कसला आलाय वर्णभेद? तू आपलं बीजगणित शिकव ना!" महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी हे मला ऐकवतंच. तुमचीही मुलं इथे अमेरिकेतच शिकतात, तेव्हा शाळा कशा चालतात ते सांगत बसत नाही.

वर्गात मी वर्णावर भाषण देत नाही. उत्तर कोण देणार हे वर आलेले हात बघून नाही, डब्यातून चिठ्ठी काढून ठरवते. प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजते. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि हुशार वाटणाऱ्या मुलांसाठी मात्र जास्त थांबतात, हे शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकातच दाखवून दिलं होतं. 'हुशार वाटणाऱ्या', तिथेच तर गोम आहे. पेपर तपासताना नाव मागच्या बाजूला असतं. झालं माझं राजकारण!

राहिली ती आठवीच्या बीजगणिताच्या वर्गाची यादी, जिच्यावरून तुम्ही खरं तर विचारता. आठवीत बीजगणित मिळालं की बारावीपर्यंत कॅल्क्युलस सरळ गाठता येतं, म्हणून त्या वर्गासाठी चढाओढ. आमच्याकडे नावं शिक्षकांच्या शिफारशीने ठरत. बैठकीत दोन नावं लागोपाठ आली. एक कृष्णवर्णीय मुलगी, चाचणीत चांगलीच वर. शेरा: 'फार बोलते, अजून तयार वाटत नाही.' पुढचा आपल्यातला मुलगा, गुण तिच्याहून कमी. शेरा: 'शांत, मेहनती.' तो आत, ती बाहेर. मी म्हटलं, नावं झाकून नुसते गुण बघू. कोणी काही बोलेना. मग एक सहकारी, अगदी भली बाई, म्हणाली, "तिच्याच भल्यासाठी म्हणतेय. त्या वर्गात ती एकटी पडेल." यावर काय बोलणार? एकटी पडणारच होती. तिच्यासारखी दिसणारी एकही मुलगी त्या वर्गात नव्हती, कारण दरवर्षी कोणीतरी भल्या मनाने हेच म्हणत आलं होतं.

शेवटी यादी गुणांवर लागली. ती आत आली, तो मुलगा बाहेर गेला. रात्री त्याच्या वडिलांचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. "ताई, आपल्याच मुलाचं तुम्ही असं कराल असं वाटलं नव्हतं." मी म्हटलं, त्याचे गुण कमी होते. "पण शिफारस तर होती ना?" त्यानंतर ते मला ताई म्हणत नाहीत. मॅडम म्हणतात.

या देशात नवीन आलेली मी त्यांच्याच बाजूने बोलले असते. आपण अभ्यास करून वर आलो, बाकीच्यांना कोणी अडवलंय? तिला सांगावंसं वाटतं: बाई, 1923 साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस गोरा नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. दार नीट उघडलं 1965च्या स्थलांतर कायद्याने, आणि त्यासाठीची हवा तयार केली ती कृष्णवर्णीयांच्या लढ्याने. शिवाय आपल्यातले बहुतेक आले ते पदव्या बघून, गाळून घेतलेले. ती ऐकून घेते आणि विचारते, "मग त्या मुलाने काय घोडं मारलं होतं?" काहीच नाही.

गुणांची यादी तरी कुठे गंगेत न्हालेली आहे? गुण शिकवणीने वाढतात, आणि शिकवणी कोणाला परवडते ते आपल्याला ठाऊक आहे. नागरी हक्क चळवळीतले बॉब मोझेस यांनी 1982 मध्ये 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. बीजगणित सगळ्यांना, हा त्यांचा आग्रह. मला तो पटतो. पण सगळे एका वर्गात बसले की काही मुलं कंटाळतात, काही मागे पडतात. ते सांभाळणं मला रोज जमतंच असं नाही.

त्या मुलीला वर्षाच्या शेवटी 'बी' ग्रेड मिळाला. हे ऐकलं की तुम्ही म्हणता, "बघ, म्हणजे शिक्षकांचंच बरोबर होतं." आपल्या मुलाला 'बी' मिळाला की आपण शिकवणी बदलतो.