सुलेमानियेच्या अंगणात मोजामोजी

इस्तंबूलच्या आयासोफ्या (हागिया सोफिया) या प्राचीन वास्तूची रांग, आम्हा परदेशी लोकांसाठीचं २५ युरोंचं तिकीट आणि आत सगळीकडे उंचावलेले मोबाइल! एवढ्या थोर वास्तूत घटकाभर शांत उभं राहता येऊ नये याची मनापासून चीड आली. तिथून निघून चढ चढत सुलेमानिये मशिदीत गेले, आणि इस्तंबूल खऱ्या अर्थाने तिथे भेटलं.

अंगणात एक आजी नातीला सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, भरवत होत्या. निघण्याआधी तुर्कीचे पहिले धडे गिरवले होते, त्यातला 'किती आहेत' हा प्रश्न तोंडात बसला होता. वर बोट दाखवून विचारलं, "जामिदे काच मिनारे वार?" मशिदीत किती मिनार आहेत? जामि म्हणजे मशीद, 'दे' म्हणजे आपला 'त', काच म्हणजे किती. 'वार' एकालाही चालतं, शंभरालाही. आणि आकडा आला की नामाचं अनेकवचन करायचं नाही, नवशिक्याला केवढा दिलासा!

"दोर्त!" नातीने चार बोटं नाचवली. आजींनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "काच शेरेफे वार?" शेरेफे म्हणजे मिनाराभोवतीचा सज्जा. पोरीने माझा हात धरला, तिच्या बोटांचे तीळ माझ्या हाताला चिकटले, आणि आम्ही मोजत सुटलो. उंच दोन मिनारांना तीन-तीन, बुटक्या दोघांना दोन-दोन. "ऑन!" दहा. आजी म्हणाल्या, सुलेमान 'ऑनुंजु' सुलतान, आणि दहाही बोटं पसरली: उस्मानी (ऑटोमन) घराण्यातला दहावा. हे दहा सज्जे त्याचीच खूण, असं तिथे सांगतात. मिमार सिनान या वास्तुरचनाकाराने १५५७ मध्ये पूर्ण केलेली ही मशीद एरवी मी घुमटाकडे बघूनच सोडली असती.

पुढचे दिवस बाजार आणि बोटींच्या धावपळीत गेले, त्यांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. उच्चारांची चिंता करत बसू नका, समोर दिसेल ते मोजायला लागा, एवढं मात्र कळकळीने सांगते.

त्या दिवशी अंगणात मिनार मोजून संपल्यावर आजींनी माझ्या घरी माणसं किती ते विचारलं, "काच किशी?" मी "बेश" म्हटलं, पाच. त्यांच्याकडे "सेकिझ", आठ. दोघी एकेकाचं नाव सांगू लागल्या, आणि नातीने मांजरही धरल्यामुळे आकडा नऊवर गेला.