माझा सव्वा महिना

मंगळवार, रात्र

आज अकरावा दिवस. सकाळी साडेसातला मालिशवाल्या मावशी आल्या, पदर खोचला, तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवली आणि रोजच्यासारखं विचारलं, "आज कुठं दुखतंय?" म्हटलं, दुखत नाही, नुसतं जड वाटतंय. "मग पायापासनं घेते."

२४ वर्षांपूर्वी लेक झाली तेव्हा या मावशींच्या सासूबाई यायच्या. सव्वा महिना रोज अंगाला तेल, कढत पाणी, पोटाला घट्ट पट्टा, खाटेखाली ओवा-शेपा टाकलेली शेगडी, डिंकाचे लाडू. तेव्हा मला त्या सगळ्याचा वैताग यायचा. बाळंतिणीचं अंग उघडं पडलेलं असतं, ते सावरायला वेळ लागतो, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला सोडून.

पाळी गेली तेव्हा असं काहीच झालं नाही. मागच्या दिवाळीत शेवटची आली. सलग १२ महिने आली नाही की रजोनिवृत्ती धरतात, ते या दिवाळीत पुरे झाले. डॉक्टरबाईंनी थायरॉईड वगैरे तपासलं, आणि यापुढे थेंबभर रक्त दिसलं तरी लगेच यायचं, असं बजावलं. रात्री तीनला छातीतून उसळणाऱ्या वाफांचंही कारण समजावलं: इस्ट्रोजेन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, अंग जरासं तापलं तरी घाम काढून गार करायला धावतं. भीती गेली. पण ऐन थंडीत घामाने भिजलेला गाऊन बदलून पलंगाच्या कडेला बसलं की वाटायचं, आपण आता कोण? त्यातच लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तिच्या खोलीतला पंखा मी अजून दर रविवारी पुसते.

शेवटी ठरवलं, आपला सव्वा महिना आपणच करायचा. मावशींना फोन लावला तर त्यांनी विचारलं, "कुनाचं बाळंतपण? मुलगा का मुलगी?"

"बाळ नाही मावशी. माझी पाळी गेलीय."

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "शनिवारपासनं येते. माझी बी जाऊन दोन वर्सं झाली."

पाचव्या दिवशी त्यांचा अंगठा कानामागे गेला आणि मला रडू फुटलं. वाग्भटाने अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि तळपाय यांना आवर्जून तेल लावावं म्हटलंय. आई नरक चतुर्दशीला पहाटे आधी कानच धरायची. ती गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी तेलाचा हात ठेवलाच नव्हता. मावशींनी का रडता विचारलं नाही, हातही थांबवला नाही, फक्त आणखी हळू केला. आपल्या कातडीत हळू फिरणारा हात ओळखणारे वेगळे मज्जातंतू असतात, सेकंदाला ३ ते १० सेंटिमीटर असा काहीसा वेग त्यांना भावतो, असं मी नंतर वाचलं. मावशींचा हात तितकाच संथ फिरतो, कुणी न शिकवता.

तेलाने वाफा थांबत नाहीत. कालही दोनदा आल्या. फरक इतकाच की आता मी धडपडून उठत नाही. बेंबीवर तळवा ठेवते आणि श्वास सावकाश सोडत राहते, कारण सोडतानाच हृदयाचे ठोके मंदावतात. संध्याकाळी कमरेखाली सोलापुरी चादरीची जाड घडी घेऊन भिंतीला पाय लावून दहा मिनिटं पडते, विपरीत करणी या योगासनात. रात्री हे तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवतात. तूप काळं होतं तेव्हा सासूबाई म्हणतात, उष्णता निघाली. तो काळेपणा घासल्या जाणाऱ्या काशाचा, पण पाय शांत होतात हेही तितकंच खरं. हाच काळेपणा दाखवून 'अंगातलं विष निघालं' म्हणत हजारोंची पॅकेजं विकणाऱ्यांचा मात्र मला मनापासून राग येतो. या वयात बाई आधीच घाबरलेली असते.

आज मालिश झाल्यावर विचारलं, "मावशी, तुमची पाळी गेली तेव्हा तुम्हाला कुणी तेल लावलं?"

"मला कोन लावनार?"

वाटीत तेल उरलं होतं. त्यांना पाटावर बसवलं. नको नको म्हणाल्या, पुढच्या घरी उशीर होईल म्हणाल्या. अंबाडा सोडला तर केस कमरेपर्यंत, मुळाशी पांढरे. टाळूवर तेल घातलं तरी मान ताठच होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, घट्ट. मी हात हळू केला, त्यांनी माझ्यासाठी केला होता तसा. कानामागे आले आणि त्यांचं डोकं माझ्या ओंजळीत जड होत गेलं.