स्थलांतराचा खेळ : लंगडीमुळे नियम जमला

पट्टकदंब (बार-हेडेड गूज) या स्थलांतरी पक्ष्यांच्या प्रवासावरचा आमचा मैदानी खेळ आता कुठल्याही शाळेत न्यावा इतपत उभा राहिलाय. फक्कीने आखलेल्या मैदानाचं एक टोक मंगोलिया, दुसरं उजनी धरणाच्या काठचं भिगवण. मधे तिबेटचं पठार आणि हिमालय. वाटेवरची तळी म्हणजे अंथरलेली गोणपाटं. शिट्टी झाली की थवा निघतो आणि पुढच्या तळ्यावर जागा धरतो. एका गोणपाटावर तिघांनाच चारा.

मोठा बदल हा, की जागा न मिळालेला गडी आता लगेच बाद होत नाही. पुढचा टप्पा त्याने लंगडी घालत गाठायचा. वाटेत खाऊन साठवलेली चरबी हेच पक्ष्याचं बळ. ती कमी पडली तरी पक्षी जागच्या जागी मरत नाही, पण पुढची मजल त्याला झेपेनाशी होते. कितीही समजावून सांगितलं तरी हे मुलांपर्यंत पोचत नव्हतं. आता ती धापा टाकत विचारतात, "दादा, पाय बदलू का?" पाय बदलायचा नाही. लागोपाठ दोन तळ्यांवर उपाशी राहिला, तरच बाद.

धोक्यांच्या चिठ्ठ्या मुलंच काढतात. 'जलपर्णी' आली की दोन गोणपाटं गुंडाळायची. जलपर्णीने भरलेला पुण्यातला पाषाण तलाव पाहिलेल्या मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही. 'मांजा' फक्त भिगवणच्या टोकाला लागू, कारण संक्रांतीला हे पाहुणे आपल्याकडेच असतात. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाची २०१७ पासून देशभर बंदी आहे, हेही तिथेच सांगतो.

माझी आवडती चिठ्ठी 'उजनी तुडुंब'. तिच्यासाठी काही मुलांना तांबडी फीत बांधून तुतारी आणि चिखल्या हे चिखलात चरणारे पक्षी केलंय. पाणी चढलं की काठचा चिखल बुडतो आणि या आखूड पायांच्या पक्ष्यांना किडे टिपता येत नाहीत. पट्टकदंब मात्र गवतावर, शेतात चरतात, त्यांचं फारसं अडत नाही. "धरण भरलं तर चांगलंच ना?" हा प्रश्न हमखास येतो. तिथे मी खेळ थांबवून बोलू देतो.

अमूर ससाण्यांची फेरी वेगळी ठेवलीय. २०१२ मध्ये नागालँडमधल्या पांगतीजवळ, दोयांग जलाशयाच्या परिसरात जाळी लावून हे ससाणे हजारोंनी मारले गेले. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी शिकार थांबवली. म्हणून आमच्या खेळात जाळं पंच काढत नाही. गावकरी झालेल्या सगळ्या मुलांचं एकमत झालं, तरच निघतं. कधी कधी बराच वेळ एकमत होत नाही, आणि अडकलेले ससाणे ओरडून ओरडून त्यांना पटवत राहतात.

आता परतीचा प्रवास बसवतोय. मंगोलियात पोचलेल्या प्रत्येक जोडीमागे बाद झालेल्या दोघांना पिल्लं म्हणून आत घ्यायचं, असा विचार आहे. पिल्लांना पहिल्या टप्प्यात कुणाचा तरी हात धरूनच पळायला लावावं, असं वाटतंय. पट्टकदंबांची पिल्लं पहिला प्रवास आईबापांबरोबरच करतात. कुणी लहान मुलांबरोबर हे करून पाहिलं, तर गोणपाटांमधलं अंतर किती ठेवलंत तेवढं कळवा.