तुम्ही विचारलंत म्हणून : व्यंकटी, थोकडा आणि सांडवा

"अनवट मराठी शब्द वहीत उतरवून ठेवतो, पंधरा दिवसांनी वही उघडली की निम्म्यांचे अर्थ आठवत नाहीत. काय चुकतं?" ठाण्यातल्या वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. चूक डोक्याची नाही, वहीची आहे. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ ही झाली वाण्याची यादी. सामान घरात आलं की ती फेकायचीच असते. शब्द उचलायचा तो ओळीसकट.

पसायदान बहुतेकांना पाठ असतं. 'जे खळांची व्यंकटी सांडो । तयां सत्कर्मीं रती वाढो । भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें ॥' पाठ आहे म्हणूनच 'व्यंकटी'ला कुणी अडखळत नाही आणि अर्थ विचारला की गडबडतं. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. आता त्या जागी 'वाकडेपणा' घालून ओवी मोठ्यानं म्हणून बघा. पहिलाच चरण ओढल्यासारखा होतो. ही परीक्षा प्रत्येक शब्दाला लावावी. सोपा प्रतिशब्द घालूनही ओळीचं काही बिघडत नसेल, तर त्या ओळीतून तो शब्द शिकण्यात फारसं हशील नाही.

त्याच चरणातला 'सांडो' जास्त फसवा, कारण तो ओळखीचा वाटतो. आज दूध सांडतं, चहा सांडतो. ओवीतलं सांडणं म्हणजे सुटणं, टाकलं जाणं. हा अर्थ संपलेला नाही, फक्त महापालिकेच्या पाट्यांवर जाऊन बसलाय. सांडपाणी म्हणजे चुकून सांडलेलं नव्हे, वापरून टाकून दिलेलं पाणी. धरणाचा सांडवाही याच कुळातला, जादा पाणी सोडून देणारी वाट. मोरबे भरत आलं की नवी मुंबईत सांडव्याची चर्चा होते, पण तिथून कुणी पसायदानापर्यंत पोचत नाही. शब्दाचा असा एखादा कामाधंद्यातला नातेवाईक सापडला, की तो शब्द सहसा विसरत नाही.

ओळ निवडताना एकच बघायचं : अर्थाचा धागा तिच्यातच आहे का? तुकोबांचं 'अणुरेणियां थोकडा । तुका आकाशाएवढा' घ्या. पुढच्या अर्ध्यात आकाश आहे, म्हणजे थोकडा म्हणजे लहान, हे कोश न उघडताही कळतं. थोडा आणि थोकडा, दोघांचं मूळ संस्कृत 'स्तोक'. पण वाशीच्या एपीएमसी मार्केटात हिंदीतला 'थोक भाव' रोज कानावर पडतो, आणि त्यावरून थोकडा म्हणजे ढीगभर असं वाटायला लागतं. मराठीत तो घाऊक भाव. नुसती यादी असती तर इथे घोटाळा झालाच असता. ओळ आहे म्हणून तुकोबा वाचले.

दुसरी चूक ऐकीव ओळीवर विसंबण्याची. 'भले तरी देऊं कासेची लंगोटी' हे सगळ्यांना ठाऊक. गाथेत 'गांडीची लंगोटी' असा पाठ आहे. सोज्वळ 'कासेची' नंतर रूढ झालं. म्हणजे या ओळीतून 'कास' शिकलात तर शब्द खरा, पण तो शिकवणारे तुकोबा नव्हेत, तुकोबांना सभ्य करणारं कुणीतरी! फॉरवर्ड होऊन आलेल्या ओळी तर छापील प्रतीशी ताडल्याशिवाय घेऊच नयेत.

ताडायचं कुठे? दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त. सात खंड, १९३२ ते १९३८. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) इंग्रजीत अर्थ देतो आणि बोलीतल्या शब्दांना उत्तम; पण दाते-कर्वे अर्थाबरोबर जुन्या ग्रंथातली ओळ आणि तिचा ठिकाणाही देतात, आणि आपल्याला हवी असते ती ओळच. दोन्ही कोश इंटरनेटवर फुकट शोधता येतात. कागदावरच बघायचं असेल, तर ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. शब्द सापडला नाही तर ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार बदलून पुन्हा बघा. जुन्या लेखनात बहुतेक वेळा तिथेच पाय घसरतो.

मग वहीऐवजी पोस्टकार्डाएवढं कार्ड. पुढे फक्त ओळ, शब्दाखाली रेघ. मागे त्या ओळीतला अर्थ (कोशातले सातही अर्थ नकोत), एक नातेवाईक शब्द, ओवीचा क्रमांक आणि स्वतःचं एक वाक्य. आठवड्याला चार कार्डं पुरेत. दहा केलीत की पुन्हा वाण्याची यादी. उजळणी मोठ्यानं करायची, कारण सांडो-वाढो-पडो हे यमक डोळ्यांपेक्षा कानाला आधी सापडतं.

म्हणींना मात्र कार्ड लागत नाही. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' यातला पोहरा विहिरी बुजल्या तरी टिकून आहे.

आणि हे शब्द बोलण्यात वापरायचे का? जपून. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींच्या व्यंकटीचा उल्लेख केलात, तर आधी अर्थ विचारला जाईल आणि मग सगळ्यांसमोर ओवी म्हणून दाखवावी लागेल.